फॉर्म भरला होता, मग फी माफ का झाली नाही?

पत्र

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातली. आम्ही कुणबी, ओबीसी. बाबांचं तीन एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी अन् तूर. उत्पन्नाच्या दाखल्यावर ८४,००० रुपये आहेत. बारावीला ७१ टक्के पडले. २०२४ मध्ये कॅप राउंडमधून अमरावतीच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. प्रवेशाच्या वेळी २०,००० भरले. शिष्यवृत्तीचा फॉर्म तालुक्याच्या नेटकॅफेत भरला आणि तिथल्या दादानं 'झालं, आता पैसे येतील' म्हणून पावती दिली. वर्ष संपलं, काही आलं नाही. आता दुसऱ्या वर्षाला आहे. ऑफिसमध्ये सांगतात, मागचे ७८,००० आणि यंदाचे ९८,००० असे १,७६,००० भरा, नाहीतर हिवाळी परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. माझी रूममेट अनुसूचित जातीची आहे, तिच्या खात्यात पैसे आले. मला का नाही? बाबा एक एकर गहाण टाकायचं म्हणतात. लहान भाऊ यंदा बारावी सायन्सला आहे, त्याच्या वेळी काय करायचं तेही सांगा.

— एक विद्यार्थिनी

उत्तर

सगळ्यात आधी बाबांना फोन करून सांग की वावराला हात लावू नका. १,७६,००० हा आकडा तुझ्या घरानं देण्याचा नाही. त्यातला फार मोठा भाग शासनानं कॉलेजला द्यायचा आहे, आणि तो अडला आहे तो एखाद्या कागदापायी.

ऑफिसमधून फीची फोड लेखी माग. तू पत्रासोबत पाठवलेल्या पावतीवर ती आहेच: शिक्षण शुल्क ८६,०००, विकास शुल्क ८,६००, इतर ३,४००. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. २०२४-२५ पासून ती पूर्ण झाली, म्हणजे तुझ्या पहिल्या वर्षापासूनच. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला किंवा संस्था पातळीवरचा प्रवेश चालत नाही, अभिमत आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात नाहीत. तुझा नंबर कॅपमधून लागला आहे, तेव्हा हा प्रश्न तुला नाही.

आता हिशेब कर. सवलतीत बसतं ते ८६,०००. विकास शुल्क आणि इतर मिळून १२,००० दर वर्षाला तुझ्याकडे राहतात. दोन वर्षांचे २४,०००. त्यातले २०,००० तू भरले आहेस. म्हणजे तुझ्याकडून आज घेणं निघतं ते ४,००० रुपये. बाकीचे १,७२,००० कॉलेजनं शासनाकडून घ्यायचे आहेत. 'मुलींना शिक्षण मोफत' असं ऐकून आलेल्या पुष्कळ मुली विकास शुल्काच्या आकड्याला अडखळतात, कारण निर्णयात फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्क आहे. वसतिगृह, मेस, बस, विकास शुल्क त्यात येत नाही. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्यांच्या संकेतस्थळावर टाकतं. तुझ्या पावतीचे आकडे तिथल्याशी एकदा ताडून बघ.

कॉलेजची बाजूही समजून घे. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी ही रक्कम मागू नये, असं शासनानं कॉलेजांना बजावलेलं आहे. पण तुझा अर्जच पुढं सरकला नसेल तर तुझ्या नावानं शासनाकडून काही येणार नाही, हे त्यांना दिसतंय. म्हणून ते तुझ्या मागं लागलेत. अर्ज मार्गी लागला की त्यांचा सूर बदलतो.

अर्ज कुठं अडला ते शोध

महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, स्वतः लॉगिन कर. युजर आयडी आणि पासवर्ड नेटकॅफेवाल्याकडे असेल, आणि बहुतेक मोबाईल नंबरही त्याचाच टाकलेला असेल. तसं असेल तर त्रुटीचा मेसेज त्याच्या फोनवर येऊन विरून गेला. आधारला तुझा नंबर जोडलेला असेल तर आधारच्या ओटीपीवर युजर आयडी आणि पासवर्ड परत मिळवता येतो. आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर आधी आधार केंद्रात जा. तिथं बोट लावून मोबाईल नंबर बदलून मिळतो.

लॉगिन झाल्यावर 'माय अप्लाइड स्कीम' उघड. अर्जाच्या ओळीत स्थिती दिसेल. 'अंडर स्क्रुटिनी' असेल तर शेजारी कोणाकडे ते वाच. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या कार्यालयात. 'सेंट बॅक' असेल तर तो परत तुझ्याच लॉगिनला येऊन पडला आहे, आणि तू दुरुस्त करून पुन्हा सादर करेपर्यंत जगातला कोणीही तो पुढं ढकलू शकत नाही. पावती मिळाली की काम झालं असं समजून मुलं लॉगिन उघडतच नाहीत, आणि अर्ज वर्षभर त्यांच्याच दारात पडून राहतो. 'सेंट बॅक'समोर शेरा असतो. तो जसाच्या तसा वहीत उतरवून घे, स्क्रीनचा फोटो काढ.

तू कळवलेल्या तारखांवरून आमचा अंदाज उत्पन्नाच्या दाखल्यावर आहे. तुझा दाखला मे २०२३ चा, अकरावी-बारावीच्या कामासाठी काढलेला. दाखल्याच्या तळाशी छापलेलं असतं, 'हे प्रमाणपत्र ३१ मार्च २०२४ पर्यंत वैध'. तू अर्ज केलास २०२४ च्या पावसाळ्यानंतर. आकडा बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर, आणि कागद मेलेला. तपासणाऱ्यानं तो परत पाठवणारच.

दुसरं नेहमीचं कारण नावाचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, दाखल्यावर बाबांचं नाव 'रामदास'ऐवजी 'रामदासजी'. आपल्याकडे 'जी' लावून नाव सांगायची पद्धत आहे, आणि दाखले देणाऱ्या सेतू केंद्रातला मुलगा ते तसंच टंकतो. आडनाव मागंपुढं झालं तर सहसा चालून जातं, पण 'जी', 'राव', 'बाई' कुठं आहे आणि कुठं नाही, यावरून अर्ज परत येतात. नवीन दाखला काढताना बाबांचं नाव त्यांच्या आधारवर आहे तसं, अक्षर न अक्षर, लिहायला लाव आणि पैसे देण्याआधी स्क्रीनवर वाचून घे.

दाखला तीन वर्षांचा काढ

सेतू किंवा आपले सरकार केंद्रात उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा की तीन वर्षांचा, असं विचारतात. तीन वर्षांचा सांग. त्यात प्रत्येक आर्थिक वर्षाचं उत्पन्न वेगळं लिहिलेलं असतं, त्यामुळे मागच्या वर्षाचा अर्ज दुरुस्त करायला आणि यंदाचा भरायला एकच कागद पुढं करता येतो. नॉन क्रिमिलेयर (ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) काढायला गेलीस तरी तीन वर्षांचंच उत्पन्न मागतात. सोबत बाबांचं आधार, रेशन कार्ड, सातबारा, तलाठ्याचा उत्पन्न अहवाल आणि स्वयंघोषणापत्र लागतं. दाखल्यासाठी सेवा हमी कायद्यात पंधरा दिवसांची मुदत आहे. टोकन पावती जपून ठेव, उशीर झाला तर तीच दाखवायची असते.

पुढच्या वर्षापासून हे काम १ एप्रिलनंतर लगेच उरक. ३१ मार्चला जुने दाखले संपतात आणि नव्या वर्षाचे मिळू लागतात. जूनमध्ये गेलात तर बाबा पेरणीत, तलाठी पीककर्जाच्या कागदांत, आणि सेतूसमोर अख्ख्या तालुक्याची पोरं रांगेत.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेयर हे दोन वेगळे कागद आहेत, एकाच्या जागी दुसरा लावू नको. दाखल्यात घरात येणारं सगळं उत्पन्न धरतात. नॉन क्रिमिलेयर ठरवताना आईवडिलांचं शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न सोडून बाकीचं बघतात.

मागच्या वर्षाचं आणि यंदाचं

मागच्या वर्षीचे परत आलेले अर्ज दुरुस्त करायला पोर्टलवर मुदत पुष्कळदा पुन्हा दिली जाते. दर आठवड्याला लॉगिन करून बघ. दुरुस्तीचा पर्याय उघडा दिसला की नवीन दाखला टाक. दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकल्यावर पोर्टल माहिती आपोआप ओढून घेतं. ती आली नाही तर क्रमांकातला एखादा अंक चुकला आहे असं धरून पुन्हा टाक. मग सादर कर आणि त्याच दिवशी छापील प्रत कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर दे. नुसतं ऑनलाइन सादर करून थांबू नको, लिपिकानं त्याच्या लॉगिनमधून पुढं पाठवलं की नाही ते चार दिवसांनी बघ.

पण मागचं निस्तरेपर्यंत यंदाचा अर्ज अडवून धरू नको. मुली इथंच दुसरं वर्षही घालवून बसतात. मागच्या वर्षी अर्ज मंजूर झाला असता तर यंदा नूतनीकरण करायचं होतं. मंजूर नसल्यानं नवीन अर्ज करावा लागेल. 'सध्याचा अभ्यासक्रम' या पानावर प्रवेशाचं वर्ष २०२४, चालू वर्ष दुसरं, आणि पहिल्या वर्षाचा निकाल, हे तिन्ही नीट भर. कॅपचा अर्ज क्रमांक प्रवेशाच्या पत्रावर असतो, तो पाठ असल्यासारखा टाकू नको, समोर ठेवून टाक. एटीकेटी लागली असेल तर लपवू नको, गुणपत्रिकेत आहे तेच लिही.

योजना निवडताना ओबीसीसाठी दोन नावं दिसतील. एक पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, ती कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. तिच्यात शुल्कासोबत थोडा निर्वाह भत्ताही असतो. दुसरी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना, तिची उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि तिच्यात भत्ता नाही. ८४,००० च्या दाखल्यावर तू पहिलीत बसतेस. आणखी एक नाव दिसेल, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब आपल्याच भागातले, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, त्यामुळे नाव ओळखीचं वाटतं आणि शेतकऱ्याची मुलं डोळे झाकून तोच अर्ज करतात. तो भत्ता ओबीसीसाठी नाही. खुल्या प्रवर्गातल्या, राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेत बसणाऱ्या अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी तो आहे.

राहण्याजेवणासाठी तुझा मार्ग वेगळा आहे. इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहाला अर्ज कर. तिथं जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. घर सोडून दुसऱ्या गावी शिकणाऱ्या, बारावीला ६० टक्के आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्यांना ती मिळते. अमरावतीसारख्या महसूल विभागाच्या शहरात वर्षाला ५१,००० रुपये: जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,०००, निर्वाहाचे ८,०००. जिल्ह्याला ६०० जागा, गुणवत्तेवर. हा अर्ज महाडीबीटीवर नसतो, वसतिगृहांच्या वेगळ्या पोर्टलवर असतो, म्हणून पुष्कळांना तो सापडतच नाही. भाड्याच्या खोलीत राहतेस तर घरमालकाशी करारनामा आत्ताच करून ठेव आणि भाडं खात्यातून दे. वर्गातली हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नको.

परीक्षेच्या फॉर्मसाठी

प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही, दोन प्रती. एक दे, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घे. तोंडी विनंतीला कार्यालयात काही किंमत नसते. मजकूर एवढाच:

"मी ओबीसी प्रवर्गातून, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार माझे शिक्षण शुल्क शासनाकडून मिळणार आहे. २०२४-२५ चा माझा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्याच्या त्रुटीमुळे परत आला असून, नवीन दाखल्यासाठी अर्ज केला आहे (पावती जोडली आहे). २०२५-२६ चा अर्ज दाखला मिळताच सादर करीत आहे. माझ्या वाट्याची विकास व इतर शुल्काची उर्वरित रक्कम ४,००० रुपये भरण्यास मी तयार आहे. माझा हिवाळी परीक्षेचा अर्ज स्वीकारावा, ही विनंती."

शेरा दाखल्याचा नसून दुसराच काही निघाला तर तिसरं वाक्य तेवढं बदल. सोबत पोर्टलवरच्या शेऱ्याची छापील प्रत, कॅपचं प्रवेशपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र जोड. हमीपत्र मागितलं तर दे, पण त्यात 'शासनाकडून रक्कम न आल्यास' हे शब्द असतील तरच सही कर. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नको. मूळ गुणपत्रिका किंवा टीसी फीसाठी अडकवून ठेवायला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) दोघांचीही मनाई आहे.

आठवड्यात उत्तर आलं नाही तर शिक्क्याची प्रत घेऊन अमरावतीच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालकांकडे जा. यवतमाळला जाऊ नको. अर्ज कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कार्यालयात जातो, घर असलेल्या जिल्ह्यात नाही. कॉलेजबद्दलची तक्रार असेल तर तंत्रशिक्षणाचं विभागीय कार्यालयही अमरावतीतच आहे.

रूममेटच्या खात्यात का, आणि तुझ्या का नाही

तुझं शिक्षण शुल्क कॉलेजच्या खात्यात जाणार आहे, तुझ्या नाही. तुझ्या खात्यात आला तर भत्ता येईल. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो, राज्याचा वाटा ४० टक्के. केंद्राच्या या रकमेत कॉलेजची फीही असते आणि ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. मैत्रिणीला हे आजच सांग. खात्यात मोठी रक्कम दिसली की घरी औषधपाणी, खताची उधारी, कुणाचं लग्न, काहीतरी समोर उभंच असतं. पैसे खर्च झाले आणि कॉलेजची बाकी राहिली तर पुढच्या वर्षी तीही तुझ्याच रांगेत उभी राहील. भत्ता तेवढा तिचा. किती भत्ता आणि किती फी, ते तिच्या लॉगिनमध्ये दिसेल.

तुझं खातंही तपासून घे. खातं असणं पुरत नाही, आधार त्या खात्याला पैसे येण्यासाठी जोडलेला हवा. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघ, तिथं बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. एका आधारला एकच खातं जोडलेलं असतं, शेवटी जिथं संमती दिली ते. अमरावतीत नवीन खातं उघडताना टॅबवर 'हो हो' करत गेलीस तर जोडणी गुपचूप तिकडं गेलेली असते. तुमच्याकडे विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं खातं असेल तर ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, म्हणून स्थिती नव्यानं बघ. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शाळेत असताना काढलेल्या छोट्या खात्याला शिल्लक आणि जमा यांची मर्यादा असते. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण केली की ही दोन्ही कामं होतात.

कर्जाचा विचार उरलेल्या खर्चापुरताच कर, आणि तोही सरकारी बँकेत. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना मान्यताप्राप्त तांत्रिक अभ्यासक्रमासाठी शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्राकडून मिळतं, आणि ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन तारण लागत नाही.

भावासाठी

मुलगा असल्यानं त्याला ओबीसी म्हणून व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळेल, पूर्ण नाही. तुझ्याइतक्याच फीच्या कॉलेजात गेला तर ४३,००० आणि वरचे १२,०००, वर्षाला ५५,००० घरून जातील. कॉलेजांची यादी भरताना हा आकडा समोर ठेवा. शासकीय कॉलेजात फी मुळातच कमी असते. यादीत ती वर घाला.

त्याच्या जात वैधतेच्या मागं मात्र आत्ताच लागा. बारावीत असताना कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, निकालानंतर जात पडताळणी समितीकडे गर्दी उसळते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, १९५४-५५ चं जमिनीचं अधिकार अभिलेख. हे तुझ्या वेळी काढलेलंच आहे. तुझं वैधता प्रमाणपत्र त्याच्या अर्जाला जोडा, सख्ख्या बहिणीचं म्हणून ते भक्कम पुरावा ठरतं. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात आजोबांचं नाव दोघांच्याही कागदांत सारखंच लिहा.